उचकी लागली की घास खाली ठेव

«ताई, वय 42. पाच महिन्यांपूर्वी वजन उतरावं म्हणून ऑपरेशन करून पोटाला बँड बसवून घेतला. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. अकरा किलो उतरले, पण दीड महिना झाला, काटा हलत नाही. सकाळी वाशीची गाडी पकडायची म्हणून पोहे उभ्याउभ्या खाते, ते अडकतात. रात्री भात अडकतो. छातीत गोळा येतो, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते आणि मी पानावरून उठून बाथरूम गाठते. सासूबाई म्हणतात, 'माझ्या हातची चव गेली का गं?' तलावपाळीवर कुल्फी खाल्ली तर मात्र सुखाने उतरते. केसही गळताहेत. मैत्रिणीची स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया, झाली, ती झरझर बारीक होतेय. बँड अजून घट्ट करून घेऊ का? की माझाच मनावर ताबा नाही? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. — नौपाड्याची एक सून»

चालेल म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना भात, पोहे, कुल्फी हेच दिसलं. दुसऱ्यांदा 'हर्निया' या शब्दापाशी थांबले. मला वाटतं, तुझा घास तिथे अडकलाय.

बँड नेमकं काय करतो हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तरी पुन्हा सांगते. जठराच्या वरच्या टोकाला तो पट्टा बसतो आणि त्याच्या वर अंड्याएवढी छोटी पिशवी तयार होते. खाल्लेलं अन्न तिच्यातून बारीक वाटेने, सावकाश खाली उतरतं. म्हणजे बदामाएवढा घास, पीठ होईपर्यंत चावणं, आणि त्या वाटीभर जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. आता तुझ्या घरातलं रात्रीचं जेवण डोळ्यांपुढे आण. सगळे एकत्र बसलेत. तू सावकाश खाल्लंस तर कुणीतरी विचारणार, म्हणून तू सगळ्यांच्या वेगाने खातेस. वेगाने खातेस म्हणून अडकतं, उठावं लागतं, पोट रिकामंच राहतं. मग संध्याकाळी जे न चावता, न अडकता उतरतं ते खातेस. कुल्फी वितळते, म्हणून पट्ट्याला ती दिसतच नाही. साखर आणि साय मात्र अंगाला पुरेपूर लागते. यात मनाच्या ताब्याचा प्रश्न आला कुठे? तू एक गुपित सांभाळते आहेस, आणि त्याचा हिशोब काट्यावर दिसतोय.

आता बँड घट्ट करण्याबद्दल, म्हणजे त्यात आणखी सलाईन भरून तो आवळण्याबद्दल. हा निर्णय तुझ्या सर्जननेच घ्यायचा, पण त्यांच्याकडे जाताना 'वजन थांबलंय, थोडं सलाईन भरा' एवढंच सांगू नकोस. आठवड्यातून किती वेळा अडकतं, किती वेळा उलटी होते, रात्री आडवी झाल्यावर आंबट पाणी वर येतं का, खोकला येतो का, हे सगळं लिहून ने. पट्टा गरजेपेक्षा घट्ट असला तरीही वजन थांबतं, कारण मग वरण-भाजी जात नाही, फक्त वितळणारं गोड तेवढं जातं. कदाचित तुझा थोडा सैल करायला लागेल. आणि एक गोष्ट ठणकावून सांगते: कधी घोटभर पाणीसुद्धा खाली उतरेनासं झालं, किंवा उलट्या थांबेचनात, किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. पट्टा जागचा सरकलेला असू शकतो. अशा वेळी 'हर्नियाच्या पेशंटला काय झालं' हे घरच्यांना कळत नसेल, तर रिक्षात बसवणारा माणूस डॉक्टरांना चुकीचं सांगेल. हा विचार तू केला होतास का?

मैत्रिणीचं सोडून दे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. तुझ्यात काहीच कापलेलं नाही. बँडने वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो असंच उतरतं. पाच महिन्यांत अकरा किलो म्हणजे तू वाटेवरच आहेस. केस बहुतेक याच सुमाराला गळतात आणि काही महिन्यांनी परत येतात, पण पोटात प्रथिनं आणि डॉक्टरांनी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या जात असतील तरच. उलट्यांमध्ये तेही वाहून जातं. हेही सर्जनना सांग.

राहिलं स्वयंपाकघर. सकाळी बऱ्याच जणींना बँड जास्त आवळल्यासारखा वाटतो, त्यामुळे त्या वेळी पोहे नकोतच, तेही उभ्याने. उठल्यावर कोमट पाणी घे, थोड्या वेळाने वाटीभर दही किंवा मऊ अंडं. बाकीचं डब्यात घेऊन जा, ऑफिसात दहा वाजता बसून खा. रात्री आधी मुगाचं घट्ट वरण, पिठलं, पनीर किंवा मासे खात असशील तर पापलेटचा मऊ तुकडा, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तरच भात. मऊ आंबेमोहोर तर चिकटून गोळाच होतो. ताजा लुसलुशीत पाव त्याच्याही वर! गंमत अशी की कडक भाजलेला पाव किंवा खाकरा पुष्कळ जणींना जातो आणि मऊ पोळी जात नाही. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीची साल, सुकं चिकन यांना सध्या लांबूनच नमस्कार. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. सोड्याची बाटली तर नाहीच. आणि डोकं दुखलं म्हणून दुकानातून पेनकिलर आणायची नाही, आधी विचारायचं.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असेल. पूर्वी पोट जड व्हायचं. आता नाकातून पाणी येईल, उसासा येईल, किंवा एकच उचकी लागेल. तोच थांबा. त्यापुढचा एक घास म्हणजे बाथरूम. तुझ्या घरी उचकी लागली की 'कोण आठवण काढतंय गं' असं होत असेल. होऊ दे. तू घास खाली ठेव.

पण हे सगळं सासूबाईंना न सांगता जमणार नाही. कारण ताट त्या वाढतात. शेजारणींना, ऑफिसात, नणंदेच्या सासरी सांगायची मुळीच गरज नाही. तिथे 'डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय' एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. मामलेदारच्या मिसळीला सगळ्याजणी निघाल्या तर तूही जा, रश्शाचे चार चमचे घे, पाव शेजारणीच्या ताटात सरकव. गप्पांना पट्टा नसतो. पण जी बाई रोज तुझ्यासमोर वाढून ठेवते आणि रोज ते तसंच परत उचलते, तिला कारण माहीत नाही. ती काय समजत असेल? तिने तर तुला विचारलंसुद्धा, स्वतःच्या हाताच्या चवीवर ढकलून. यापेक्षा हळुवार प्रश्न कुठली सासू विचारते, सांग बघू.

हो, चिडतील. ऑपरेशनवरून कमी, खोटं बोललीस यावरून जास्त. 'पैसे घालवून उपाशी राहायचं' हेही ऐकशील. माझ्याही घरात मी एकदा डायबेटिस चार महिने लपवला होता, आणि कळल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या चहाचं पातेलं वेगळं झालं. तुझ्याकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण रविवारी दुपारी, नवऱ्याला शेजारी बसवून, सरळ सांग: 'आई, हर्निया नव्हता. वजनासाठी ऑपरेशन केलं. तुम्ही काळजी कराल म्हणून खोटं बोलले, चुकलं माझं. तुमच्या हातची चव गेलेली नाही, माझ्या पोटात जागा राहिलेली नाही.' नवऱ्याने मध्ये गप्प बसायचं नाही, हेही त्याला आधीच बजाव. गुपितात तो अर्धा भागीदार आहे.

संध्याकाळच्या तलावपाळीच्या फेरीवर मात्र काट मारू नकोस. तू आणि नवरा दोघांनी मासुंदा तलावाभोवती दोन फेऱ्या मारा, कुल्फीवाला मागे टाकून कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला बसा. आठवड्यातून एकदा दोन चमचे कुल्फी नवऱ्याच्या काडीवरची खाल्लीस तर मी पत्र पाठवून रागावणार नाही.

आणि सासूबाईंचा राग निवळला की त्यांच्याकडे एक मागणी कर. तुझ्या मुलाच्या, किंवा मुलाच्या बापाच्या, उष्टावणाची चांदीची वाटी घरात असणारच. तुझं वरण त्यांनी यापुढे त्या वाटीत वाढावं. कपाटात कुठल्या कप्प्यात, कुठल्या साडीच्या घडीत ती ठेवलीय, हे त्यांनाच माहीत असेल.