भात सोडून उतरलेलं वजन पावसात परत आलं, आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 47, उंची 156 सेंमी, वजन 74 किलो, रत्नागिरीजवळचं गाव. भात पूर्ण बंद केला तेव्हा दोन महिन्यांत 4 किलो उतरलं. पाऊस लागला, चालणं सुटलं आणि सगळं परत चढलं. पाळी अनियमित झाल्यामुळे आता वजन उतरणारच नाही, असं सगळे सांगतात.

ताई, आधी भात परत सुरू करा. भात-भाकरी एकदम तोडली की शरीरात साठवलेलं ग्लायकोजन (यकृत-स्नायूंतला साखरेचा साठा) संपतं आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो तो बहुतेक या पाण्यामुळे. पहिला भात पोटात गेला की ते परत येतं. शिवाय प्रथिनं कमी आणि ताकदीचा व्यायाम शून्य असताना उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वजन परत चढताना चरबीच जास्त भरते.

'वय झालं, चयापचय मंदावलं' हे अर्धंच खरं आहे. 2021 साली 'सायन्स'मध्ये 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांच्या ऊर्जाखर्चाच्या मोजमापांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळपास स्थिर दिसला. चाळिशीनंतर कमी होतात ते स्नायू आणि हालचाल. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हे मात्र खरं. म्हणून वजनाबरोबर कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंमी ही धोक्याची रेघ मानतात, पुरुषांसाठी 90.

घरकाम धरून तुमच्या शरीराला दिवसाला साधारण 1,800 कॅलरी लागत असाव्यात. 1,400 च्या आसपास खाल्लंत तर आठवड्याला 300 ते 400 ग्रॅम उतरेल. ऐकायला कमी वाटतं, पण तीन महिन्यांत चार-साडेचार किलो होतात. तूर्त 70 हाच आकडा डोळ्यासमोर ठेवा.

तांदूळ शिजवायच्या आधी मोजा. पेज, आसट भात आणि मोकळा भात यांत पाणी वेगवेगळं, त्यामुळे शिजलेली वाटी फसवते. दुपारी माणशी 50 ग्रॅम तांदूळ (साधारण 175 कॅलरी), रात्री 40 ग्रॅमची एक भाकरी. सकाळी 30 ग्रॅम उकड्या तांदळाची पेज चालेल, पण बरोबर नुसतं लोणचं नको, अंडं किंवा उसळ हवी.

आपल्या ताटातला खरा आरोपी मला तरी नारळ वाटतो. तो खाऊ नये असं नाही, पण तो कुणी मोजत नाही. मध्यम नारळाची एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, खवली की सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चव (खवलेलं खोबरं) निघतो, म्हणजे 430-440 कॅलरी. आमटीत वाटण, भाजीवर चव, घावन्याबरोबर चटणी, वर सोलकढी: चौघांच्या घरात दिवसाला पूर्ण नारळ सहज संपतो, म्हणजे माणशी 200 च्या वर. तो एका कवडीवर आणा. वाटण फक्त कालवणात, भाजी बिनखोबऱ्याची. सोलकढीला नारळाचं दुसरं, पातळ दूध घ्या, किंवा आगळ (कोकमाचा घट्ट रस) नुसत्या पाण्यात लसूण-कोथिंबीर घालून. आगळात मीठ असतं, वरून घालू नका. तेल मोठा चमचाभर म्हणजे 120 कॅलरी. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करा, महिन्याचं तेल माणशी अर्धा लिटर ठरवून वेगळं काढा.

प्रथिनं दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास हवीत. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. बांगड्याच्या किंवा सुरमईच्या 100 ग्रॅम मांसात 19-20 ग्रॅम मिळतात. ओल्या बोंबलात बरंचसं पाणीच, त्यावर भिस्त नको. रव्यात घोळवून तळलेली तुकडी तेल पिते, त्यापेक्षा तिखलं (माशाचं बिनखोबऱ्याचं तिखट कालवण) करा किंवा चमचाभर तेलात तव्यावर भाजा. खरी पंचाईत जून-जुलैत, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा. मग लोक सुक्या मासळीवर आणि कुळथाच्या पिठीवर येतात. पिठीबद्दल गैरसमज फार: एका वाटीत पीठ जेमतेम 20 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चारेक ग्रॅम. कुळीथ, चवळी, मुगाची घट्ट उसळ खा, अंडी आणा, ताक घ्या. सुकं दोनदा धुऊन वापरा. रक्तदाब असेल तर जपूनच, आणि खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा वर गेला तर घाबरू नका, ते मिठानं धरलेलं पाणी.

चालणं आठवड्याला 150 मिनिटांपासून सुरू करून 250 पर्यंत न्या. किनारा जवळ असेल तर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. भुसभुशीत वाळूत दमछाक जवळपास दुप्पट, पण घोटा आणि पोटरी दुखावते, तिथे पहिल्या महिन्यात पाच मिनिटं पुरे. पुळण (किनाऱ्याची वाळू) उतरती असते, म्हणून जितकं एका दिशेला तितकंच परत या, नाहीतर एकच गुडघा बोलायला लागतो. पाखाडीचे (दगडी पायऱ्यांच्या वाटेचे) चढ उत्तम, पण पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे जाऊच नका.

म्हणूनच पावसाळ्याची सोय आधी करा. ओटीवर किंवा पडवीत दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि एक दिवसाआड ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, वाकून पाच लिटरचा पाण्याचा कॅन पोटाकडे ओढणं. प्रत्येकी 10-12 वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड जात नसतील तर वजन वाढवा. वाकताना पाठ सरळ, श्वास रोखायचा नाही. भातलावणीत होतात तेवढे कष्ट पुरे, असं म्हणू नका. ती दोन-तीन आठवड्यांत संपते, आणि ताकद टिकायला वर्षभर काम लागतं.

सुरू करण्यापूर्वी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते.

वजन आठवड्यातून तीनदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, आणि बघायची फक्त सरासरी. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही हलली नाहीत तर आधी नारळ-तेल पुन्हा मोजा. बहुतेक वेळा मापटं सुटलेलं असतं. ते ठीक निघालं तरच रात्रीची भाकरी अर्धी करा.

मे महिन्यात हापूस बिनधास्त खा, मध्यम फळात शंभरेक कॅलरी असतात. साखर घातलेला रस आणि मूठभर काजू यांचा हिशेब मात्र वेगळा, दहा काजूंतच 85-90 जातात. गणपतीत चाकरमानी घरी आले की वजन उतरवायचा हट्ट नको, आहे तिथे टिकवा. दोन मोदक घेतलेत तर त्या जेवणात भात वाढून घेऊ नका.