जुन्या ॲम्प्लिफायर-स्पीकरवर नवीन टीव्हीचा आवाज घेता येतो का, की सरळ साउंडबारच घ्यावा?

येतो. आणि तो घेऊन बघितल्याशिवाय साउंडबारवर, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या त्या लांबट स्पीकरवर, एक रुपया घालू नका.

तुम्ही लिहिलंय की संवाद कळत नाहीत आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीतच अंगावर येतं. आमच्याकडे अगदी हेच होतं. पातळ टीव्हीत समोर तोंड करून स्पीकर बसवायला जागाच नसते, ते खाली नाहीतर मागे वळवलेले असतात. माणसाचं बोलणं आधी भिंतीवर आपटतं, मग आपल्याकडे येतं. आईचं वय ८१. मालिका सुरू झाली की दर मिनिटाला "काय म्हणाली रे ती?"

वडिलांनी १९८४ च्या बोनसमधून घेतलेला ॲम्प्लिफायर आणि दोन गुडघाभर उंचीचे लाकडी स्पीकर सदाशिव पेठेतल्या वाड्यात होते. वाडा पाडायला गेला, आम्ही कोथरूडला आलो. सामान बांधताना मेहुणा म्हणाला, "दाजी, हे जुन्या बाजारात द्या, किलोवर घेतील." मेहुणा हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे वायर असलेल्या प्रत्येक वस्तूतलं त्याला कळतं अशी त्याची समजूत. माझ्या बायकोचीही.

आमच्या टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, फक्त ऑप्टिकल, म्हणजे डिजिटल आवाज प्रकाशाच्या तारेने बाहेर देणारं. म्हणून तापकीर गल्लीतून तो आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला चालेल असा करून देणारी सातशे रुपयांची डबी आणली. ऑप्टिकल आत, लाल-पांढऱ्या पिना बाहेर. पहिली चूक माझीच. ॲम्प्लिफायरच्या मागे जी भोकं रिकामी दिसली त्यात पिना खुपसल्या. ती फोनोची, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरसाठीची निघाली. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, तो कितीतरी पट वाढवायला आणि खर्ज भरून काढायला तिथे वेगळं सर्किट असतं. त्यात टीव्हीचा दणकट सिग्नल गेल्यावर बातम्या देणारी बाई पिठाच्या गिरणीत बसल्यासारखी बोलायला लागली. मेहुणा सोफ्यावर बसून हसत होता.

पिना काढून ऑक्सला, म्हणजे बाहेरच्या साध्या सिग्नलसाठीच्या भोकांत लावल्या. तेवढ्यात आईने तिची मालिका लावली होती, एचडीवर. आणि चिडीचूप. "गेला तो," मेहुणा म्हणाला. तीन आठवडे ॲम्प्लिफायर पलंगाखाली, आणि मेहुणा दर दोन दिवसांनी साउंडबारचे फोटो पाठवतोय.

शेवटी तो रिक्षात घालून पुन्हा तापकीर गल्लीत नेला. दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. स्वतःचा मोबाइल लावला, झकास वाजला. मग म्हणाला, "टीव्हीत पीसीएम केलंय का?" पीसीएम म्हणजे साधा, न आवळलेला डिजिटल आवाज.

नव्हतं केलं. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वर होतं. एचडी चॅनेलवर आवाज डॉल्बीत (मिरवणुकीतली नव्हे, आवाज आवळून पाठवायची डिजिटल पद्धत) आला की टीव्ही तो तसाच पुढे ढकलत होता, आणि स्वस्त डबीला डॉल्बी कळत नाही. 'पीसीएम' केलं, बस्स. त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "ही सून किती खोटं बोलते."

मेहुणा अजून म्हणतो की नशिबाने लागला. नशिबाने नाही, सेटिंगने लागला, आणि ते त्याच्या टीव्हीतही आहे!

तुमच्या टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर डबीही नको, एक साधी केबल पुरते आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटवर कमी-जास्त होतो. ब्लूटूथने जोडायचं म्हणाल, तर ओठ आधी हलतात आणि आवाज जरा उशिरा येतो. मला सहन होत नाही, तुम्हाला चालेल कदाचित.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ऑप्टिकलवर आवाज टीव्हीच्या रिमोटने बदलत नाही, बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरचं बटण हातानेच फिरवावं लागतं. आमच्याकडे ते काम माझं. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर एका रिमोटवर चालणारा साउंडबार सोयीचा पडतो, हे मान्य करतो. (हे मेहुण्याला सांगू नका.) वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असू शकतात. सुरू केल्यावर जळका वास आला किंवा मोठी भुणभुण आली तर लगेच बंद करा आणि कारागिराकडे न्या. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका बसेल एवढी वीज साठलेली असते. बटण फिरवताना नुसती खरखर येत असेल तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जाते.

स्पीकरची जाळी काढून आतल्या गोल पडद्याच्या कडेचा फोमही बघा. बोट लावल्यावर भुगा झाला तर बदलावा लागेल. दोन्ही स्पीकरचा एकदमच बदला. मी पैसे वाचवायला फक्त डाव्याचा बदलला, आता उजवा कुरकुरतो आणि पुन्हा रिक्षा करायची आहे.