भंगारात काढायच्या लायकीची, तरीही विसरता न येणारी एखादी जुनी गाडी तुमच्याकडे होती का?

होती ना! आमची मेटाडोर. 1986 चं मॉडेल, आप्पांनी तिसऱ्या हातानं घेतलेलं. आठवडाभर कांदा वाहायची आणि रविवारी पहाटे आम्हाला उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकायला न्यायची. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, आमची जुनी जमीन त्यातच गेली. त्यामुळे मोठा मासा लागला की आप्पा म्हणायचे, "आपल्या विहिरीतला दिसतोय."

डावं दार काथ्यानं बांधलेलं. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. त्यावर पोतं टाकून माझी जागा. डिसेंबरात बरं वाटायचं, मे महिन्यात बूड भाजायचं. कांद्याचा आणि मासळीचा वास इतका मुरलेला की आई त्या गाडीत कधी बसली नाही.

पण खरी गंमत स्टार्टरची. तो मेलेला. यात दोष गाडीचा नव्हता, आमच्या खिशाचा होता. चार पैसे आले की आधी खत-बियाणं. म्हणून गाडी कायम उतारावर लावायची. मासे कुठे लागतात हे कोण बघतो? ती कुठून सुटेल हे बघून आमची जागा ठरायची. आता काठावरचा उतार जाणार कुठे, तर पाण्याकडे! आप्पा वरच, पाण्याकडे तोंड करून गाडी लावायचे आणि मी चाकाखाली बाभळीचा ठोकळा सरकवायचो. निघताना ठोकळा ओढायचा नि बाजूला पळायचं. गाडी पाण्याच्या दिशेनं सुटायची, आप्पा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचे, दोन हिसके, काळा धूर, की लगेच ब्रेक. मग तशीच रिव्हर्समध्ये वर. मेटाडोरची ओढ पुढच्या चाकांना. सरळ तोंडानं चिखलाचा चढ चढायला गेलं की चाकं जागच्या जागी फिरायची, उलटी गाडी मात्र गुमान चढायची. हे आप्पांना कुणी शिकवलं नव्हतं.

एकदाच फसलो. थंडीची पहाट, इंजिन गारठलेलं. हिसके तीन झाले, चार झाले, धुराचा पत्ता नाही, आणि पुढची दोन्ही चाकं पाण्यात. आप्पा शांतपणे खाली उतरले, पँट वर दुमडली आणि म्हणाले, "आता इथूनच टाक गळ." मी बॉनेटपाशी उभा राहून खरंच टाकला. तासाभरानं उसाचा एक ट्रॅक्टर आला, त्यानं सोल लावून ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत, दोन चिलाप्या घेतल्या. 

मासे म्हणाल तर बहुतेक चिलापीच. कणकेचा गोळा, तंगूस म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, थर्माकोलचा तुकडा, एवढंच सामान. मरळ लागली तर दिवाळी. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडायचं. तेव्हा गाळ इतका असायचा की आम्ही गाडी फार खाली न्यायचोच नाही.

पुढे पत्रा इतका सडला की पायाखालचा रस्ता दिसायला लागला. भंगारवाला आला, टोचन लावायला लागला. आप्पा त्याला म्हणाले, "टोचन कशाला? त्या चढावर ढकलत न्या आणि सोडा."

दुसऱ्याच हिसक्याला सुरू झाली. भंगारवाला ती चालवत घेऊन गेला. ठोकळा माझ्या हातातच राहिला.