म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण: सुरुवात कुठून करायची

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. गाणं वाजत असलं की कॅमेऱ्याकडे लक्षच जात नाही. अख्खा व्हिडिओ घेऊ नका. सुरुवातीला एक कडवं आणि एक ध्रुवपद पुरे. दर शॉटला वहीत एक ओळ: वेळ, शॉट किती जवळचा, कॅमेरा हलतो का. यूट्यूबवर पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे जाता येतं.

मग कट (एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी) ठोक्यावर पडतोय का ते मोजा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २४ एफपीएसमध्ये (सेकंदाला २४ फ्रेम) दर १२ फ्रेमला. जिथे कट ठोका चुकवतो तिथे थांबा, तो बहुतेक वेळा मुद्दाम असतो.

नवशिके हमखास गल्लत करतात ती झूम (कॅमेरा जागेवरच, फक्त भिंगाने जवळ आणणं) आणि डॉलीची (कॅमेराच पुढेमागे सरकवणं). झूममध्ये सगळं सारख्याच प्रमाणात मोठं होतं. कॅमेरा स्वतः पुढे सरकला की जवळच्या वस्तू मागच्यापेक्षा झपाट्याने वाढतात. चेहऱ्याकडे नको, मागच्या भिंतीकडे बघा.

ओठ गाण्याशी जुळतायत पण केस संथ उडतायत? बहुधा गाणं दुप्पट वेगाने वाजवून ४८ एफपीएसवर शूट केलंय आणि २४ वर दाखवलंय, म्हणून ओठ मूळ वेगाला जुळतात आणि बाकी सगळं संथ होतं. (कलाकाराची दमछाक होते ती वेगळीच.)

गोष्टीचे शॉट आणि कलाकार गातानाचे शॉट वहीत वेगळ्या रंगांनी खुणवा. नंतर पुढचं ध्रुवपदही असंच खुणवा: त्याच प्रकारचे शॉट येतात की बदलून, हे त्या रंगांवरूनच दिसतं.