आधी सांगून टाक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अभ्यासिकेत समोरच्याने "जरा गप्प बस ना" म्हटलं, तू माफी मागितलीस, पुस्तकं गोळा केलीस आणि महिनाभर तिकडे फिरकला नाहीस. आणि आता मला विचारतोस, आपल्या या टूरेटमुळे, म्हणजे हालचाली आणि आवाज आपोआप होत राहण्याच्या विकारामुळे, घशातून निघणारा आवाज दाबायची काही युक्ती आहे का. आहे. मी पंचवीस वर्षं वापरली. म्हणूनच सांगतो, तिच्या नादी लागू नकोस. आधी सांगून टाक.

शिंक येण्याआधी नाकात होतं तसं मानेत काहीतरी साचत जातं, ते तुला समजावायला नको. मी वर्गात ते रोखून धरायचो. सगळं लक्ष मानेवर, फळ्यावरचं काही डोक्यात शिरायचं नाही. घरी आलो की दार लावून, मान दुखेपर्यंत झटकायचो. आईला वाटायचं, शाळेत नीट असतो, घरीच मुद्दाम करतो. मी तिलाही सांगितलं नाही.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. शाळेत दोन इयत्ता मागे एक मुलगी होती. डोळे मिचकवायची, मधूनच बारीक किंचाळायची. मुलं तिची नक्कल करत. तिला काय होतंय ते त्या अख्ख्या शाळेत फक्त मला कळत होतं, आणि मी हसणाऱ्यांत उभा राहून हसलो. आपलं लपलेलं उघडं पडू नये म्हणून. पुढे तिने शाळा सोडली. तिला शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही.

टूरेट म्हटलं की लोकांना अजून शिव्याच आठवतात. खरं तर दहातल्या एखाद-दुसऱ्याच्याच तोंडून तशा शिव्या बाहेर पडतात. जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरने अशा नऊ रुग्णांची वर्णनं लिहिली 1885 मध्ये. इतक्या वर्षांत हा समज का गेला नाही? मला विचारशील तर, उरलेले आपण सगळे खोकल्याची, अॅलर्जीची कारणं देत बसलो म्हणून. लुईस कपाल्डी या स्कॉटिश गायकाने 2022 मध्ये आपल्याला टूरेट असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात गाताना त्याचा आवाज आणि शरीर दोन्ही साथ देईनात, तेव्हा समोरच्या गर्दीने त्याच्यासाठी गाणं म्हटलं. त्या गर्दीला ठाऊक होतं. तुझ्या अभ्यासिकेतल्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तू त्याला कळूही दिलं नाहीस.

उपचार घ्यायचेच. टिक, म्हणजे अशी आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज, येण्याची चाहूल ओळखून त्या क्षणी दुसरी हालचाल करायला शिकवणारी वर्तन-उपचार पद्धत आहे. ते नुसतं दाबणं नव्हे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 126 मुलांच्या चाचणीत ती शिकलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. पण उरलेल्यांनी काय करायचं? आणि फरक पडलेल्यांच्याही टिक्स पूर्ण थांबत नाहीतच. म्हणून, आधी सांग.

माझा भाऊ म्हणतो, तू जिथे तिथे सांगत सुटतोस. सुटतो! एका मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला सांगितलं आणि ती नोकरी मिळाली नाही. तू म्हणशील, मग? मग काही नाही. तिथे आठ-आठ तास मान आवळून बसलो असतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरंच नाही.

तू अजून एकोणीसचा आहेस. कित्येकांच्या टिक्स विशीच्या आसपास उतरतात, तुझ्याही उतरतील कदाचित. पण त्याची वाट पाहत घरात बसू नकोस, मला राग येतो तो याच गोष्टीचा.

दोन वाक्यं लिही. "मला टूरेट आहे, आवाज आपोआप येतो. लक्ष दिलं नाहीत तर मला बरं पडेल." तुझ्या शब्दांत लिही, रविवारी आपल्या टूरेटच्या गटात सगळ्यांसमोर म्हणून बघ. सोमवारी त्याच अभ्यासिकेत, त्याच टेबलाशी जाऊ. मी शेजारी बसेन. मान माझीही झटकेल.

तुझा,
काका