अचूकतेचा आग्रह कुठवर धरावा?

प्रश्न : मी रत्नागिरी तालुक्यात राहते आणि घरी आंबापोळी करून विकते. पोळीची जाडी जराशी कमीजास्त झाली किंवा कड चिरली, की गिऱ्हाईक काय म्हणेल या विचाराने मी ती बाजूला टाकते आणि पुन्हा घालते. त्यापायी मागण्या वेळेवर पुऱ्या होत नाहीत, मदतीला येणाऱ्या मुलीवर आवाज चढतो, रात्री झोप लागत नाही. हा स्वभाव बदलता येईल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, बदलता येईल, आणि त्यासाठी कामावरची आस्था कमी करावी लागणार नाही. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अचूकतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून धरलेला, इतरांकडून धरलेला आणि लोक आपल्याकडून धरतात असे वाटणारा. तुमच्या पत्रात तिन्ही दिसतात. पण झोप उडवतो आहे तो तिसरा, असे मला वाटते.

कशात तडजोड नको, ते काम सुरू करण्यापूर्वीच ठरवा. गर आंबलेला नसावा, ताटे स्वच्छ असावीत आणि पोळी आतपर्यंत वाळलेली असावी, कारण ओल राहिली तर बुरशी धरते; येथे काटेकोरपणा हवाच. जाडीचे तसे नाही. तूप लावलेल्या ताटात हाताने गर पसरला की तो कुठे जाड, कुठे पातळ होणार, कड आधी वाळणार, आणि मे अखेरीस मळभ दाटले की शेजारशेजारची दोन ताटेही सारखी वाळणार नाहीत; त्याचा दोष स्वतःकडे घेणे म्हणजे आभाळाचा हिशेब आपल्या नावावर मांडणे होय. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या हापूसमध्येसुद्धा बाहेरून न दिसणारा साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, निघतो, आणि पेटीत न बसणारा आंबा बागायतदार कॅनिंगला देतो. त्यासाठी झाडाला कोणी बोल लावत नाही.

आता एक प्रयोग करा. पुढच्या मागणीत, चव आणि वाळवण चोख असलेली पण कड चिरलेली एक पोळी मुद्दाम जाऊ द्या. गिऱ्हाईक काय म्हणेल असे वाटते, ते पाठवण्यापूर्वी वहीत लिहा आणि प्रत्यक्षात काय झाले, ते नंतर त्याखाली नोंदवा. पहिल्या खेपेला जीव खालीवर होईल, तरी पाकीट परत उघडू नका. मनातली भीती नुसत्या समजावण्याने सहसा जात नाही. अशा नोंदी साठत गेल्या की ती ओसरू लागते.

झोपेची तक्रार मात्र अंगावर काढू नका. ती टिकून राहिली तर डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेलि-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर बोला. ही शासकीय सेवा रात्रंदिवस विनामूल्य असते आणि मराठीतही बोलता येते.

मदतीला येणाऱ्या मुलीलाही हीच कसोटी सांगा: कोणत्या तीन गोष्टी पाहायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या. तुमच्या मनातले माप तिला आजवर कळलेलेच नसावे, म्हणून ती प्रत्येक ताटापाशी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असेल. माप कळले की ती निर्धास्तपणे काम करील, आणि पोळी उलटण्याचे काम तुम्हाला तिच्यावर सोपवता येईल.