गोळ्यांचा डबा कोणाकडे?

"मॅडम, हे गोळ्या वेळेवर घेतच नाहीत, मी किती मागे लागू?" मज्जारज्जूला मार लागलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम, आणि त्यांच्या घरून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, कधी बायकोकडून, कधी आईकडून, की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच. ज्या जोडप्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा ३४ वर्षांचा, आंबे काढताना झाडावरून पडला, डी १० लेव्हलची (पाठीतल्या मज्जारज्जूच्या दहाव्या पातळीची) इंज्युरी, म्हणजे साधारण बेंबीच्या खाली ना संवेदना ना हालचाल. पाय आखडू नयेत, झटके येऊ नयेत म्हणून बॅक्लोफेन दिवसातून तीनदा, लघवी मध्येच गळू नये म्हणून सॉलिफेनासिन, नसांच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन, पोट साफ होण्यासाठी रात्री वेगळं औषध, शिवाय दर चार-सहा तासांनी लघवी काढायला कॅथेटर, म्हणजे नळी. हे सगळं बायको बघायची. मिसळणाचा जुना स्टीलचा डबा होता ना घरात, त्यातल्या सात वाट्या म्हणजे सात वार, असं तिनं डोकं लढवून केलं होतं. डबा तिच्याजवळ, गोळी तिच्या हातून, आणि घोट घेईपर्यंत ती समोर उभी.

तरी गोळ्या उशीखाली सापडायच्या. एकदा तर त्याने बॅक्लोफेन चार दिवस घेतलीच नाही, रात्री पायांना असे झटके आले की तो कॉटवरून खाली घसरला. तिची भीती तेव्हापासूनची आणि अगदी खरी. मी डॉक्टर नाही, डोस सांगणं माझं काम नाही, पण एवढं सगळ्यांना सांगते की बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करू नका, झटके उसळून येतात, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. बंद करायची असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

पहिल्या तीन भेटींत तीच बोलली, तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी काम करते ते असं की गोळी बाजूला ठेवायची आणि घरात कोण काय घट्ट धरून बसलंय ते आधी बघायचं. चौथ्या भेटीत तिला बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं,

"दिवसभरात तुम्ही कशाकशाला 'नाही' म्हणू शकता?"

तो बराच वेळ गप्प. आंघोळ कधी, संडासला कधी बसवायचं, कूस कधी बदलायची, पाहुणे आले तर कुठे बसायचं, सगळं दुसऱ्याच्या वेळेवर. शेवटी म्हणाला, "गोळीला."

मग रडला. पडल्यापासून पहिल्यांदा असं नंतर बायकोने सांगितलं. मीही काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला फक्त. इतकी वर्षं हे काम करतेय, पण मला त्या एका शब्दाने जे दिसलं ते आधी दिसलं नव्हतं. आपण त्याला विसराळूपणा म्हणतो, आळस म्हणतो, हट्ट म्हणतो, आणि त्या माणसाकडे स्वतःचं म्हणून तेवढं एकच उरलेलं असतं. त्यानंतर माझा प्रश्न ठरलेला आहे आणि तो बहुतेक वेळा कामाला येतो.

पाचव्या भेटीत दोघं समोर. मी म्हटलं डबा यांच्या मांडीवर द्या. ती म्हणाली, "आणि नाही घेतली तर?" तो म्हणाला, "मी सांगेन तुला. लपवणार नाही." एवढ्यावर ठरलं. हात चांगले चालत होते त्याचे, मग रविवारी डबा भरायचं काम त्याचं, मोबाइलचा अलार्म त्याचा, तिने विचारायचं दिवसातून एकदाच, रात्री. त्याने मग आपणहून सांगितलं की लघवीच्या गोळीने तोंडाला कोरड पडते आणि पोट गच्च होतं म्हणून ती टाळत होतो. हे डॉक्टरांना कधी कळलंच नव्हतं! ओपीडीत बोलायची ती. पुढच्या वेळी तो स्वतः बोलला, डॉक्टरांनी औषध बदलून दिलं.

तुमच्या घरी असंच असेल तर एक-दोन गोष्टी. स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग फेकू नका, गोळ्या सुट्ट्या काढून ठेवू नका. सगळ्या औषधांची यादी कागदावर पेशंटच्याच पाकिटात राहू दे, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात की आधी ती दाखवा. हात चालत नसतील, मान-खांद्याची इंज्युरी असेल, तरी "आता देऊ का?" हे विचारता येतं, आणि उत्तराला थांबता येतं.

गेल्या महिन्यात तिचा फोन होता. मिसळणाचा नवीन डबा आणलाय म्हणाली, जुना आता हे देत नाहीत.